सायकल दुरुस्तीच्या साईटवर ब्रेडक्रंब बसवले, त्याच्या नोंदी

आधी थोडं सांगते म्हणजे पुढचं कळेल. आमची साईट सायकल दुरुस्तीच्या माहितीची आहे, एकूण ३८६ पानं, सगळी मराठीत. बहुतेक लोक सर्चमधून थेट आतल्या पानावर येतात. त्यांना ते एक पान मिळतं आणि पुढे काय ते कळत नाही. एकाने लिहिलं होतं, "पॅड बदलायचं पान छान आहे, पण डिस्क ब्रेकचं बाकीचं तुम्ही लिहिलंयत की नाही?" लिहिलंय, १४ पानं आहेत, पण त्याला दिसली नाहीत. तेव्हाच ठरवलं की प्रत्येक पानावर वरती वाट दाखवायची, वेबवर तिला ब्रेडक्रंब म्हणतात: मुख्यपान, मग ब्रेक, मग डिस्क ब्रेक, मग पॅड बदलणे. काम दोघांचं, कोड माझा आणि मजकूर सहकाऱ्याचा. कोणी असंच काही करत असेल तर आमचे गेलेले दिवस त्याचे वाचावेत म्हणून लिहून ठेवतेय.

३ जून २०२५

पहिला प्रयत्न सगळ्यात सोपा. पानाचा पत्ता घ्यायचा, तिरक्या रेघांवर तोडायचा, प्रत्येक तुकड्याची लिंक करायची. चाळीस मिनिटांत चालू झालं आणि मी खूश होऊन सहकाऱ्याला लिंक पाठवली. त्याचं उत्तर आलं, "हे टक्के टक्के काय दिसतंय?" आमचे पत्ते देवनागरीत आहेत आणि ब्राउझर ते आतून एन्कोड करून देतो, म्हणजे अक्षराच्या जागी टक्क्याच्या खुणा आणि संकेत. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, म्हणजे अक्षर वेगळं, काना-मात्रा वेगळी आणि पाय मोडायची खूणसुद्धा वेगळी, यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, ३ बाइट घेतं आणि एन्कोड झालं की त्याची ९ अक्षरं होतात. "पुस्तक" हा एवढासा शब्द, त्यात ६ चिन्हं, त्याची ५४ अक्षरं. आमच्या ब्रेडक्रंबमध्ये तीच माळ लटकत होती. डीकोड करायची एक ओळ टाकली, दिसायला ठीक झालं.

४ जून

दिसायला ठीक, पण चुकीचं. पत्त्यावरून वाट काढायची तर पत्ते नीट असायला हवेत, आणि आमचे पत्ते सहा वर्षांत तीन जणांनी तीन पद्धतींनी केलेले. जुन्या लेखांच्या पत्त्यात वर्ष आणि महिना आहे, त्यामुळे वाट अशी यायची: मुख्यपान, २०१९, ०८, चेन तुटली तर. चेन तुटलेल्या माणसाला ऑगस्ट २०१९ शी काय करायचंय? शिवाय ३१ फोल्डर असे निघाले ज्यांना स्वतःचं पान नाही, म्हणजे ब्रेडक्रंबवर क्लिक केलं की "पान सापडलं नाही". वाट दाखवायला म्हणून लावलेली लिंक माणसाला खड्ड्यात नेतेय हे बघून मी ते त्याच संध्याकाळी काढून टाकलं. दीड दिवस गेला.

५ आणि ६ जून

मग वाटलं की माणूस ज्या पानांवरून आला तीच वाट दाखवू. ब्राउझरच्या सेशन स्टोरेजमध्ये पानांची यादी ठेवायची आणि ती वर छापायची. नावातच क्रंब आहे ना, ग्रिम बंधूंनी १८१२ मध्ये छापलेल्या त्या जर्मन लोककथेतली मुलं जंगलात चालताना मागे पावाचे तुकडे टाकत जातात, म्हणजे चाललेली वाट. त्या नावाने माझी दिशाभूल केली. दोन दिवस लावून बनवलं आणि वापरून बघितल्यावर लक्षात आलं की सर्चमधून आलेल्या माणसासाठी यादीत एकच पान असतं, तेच ज्यावर तो उभा आहे. म्हणजे ज्याच्यासाठी हे करतोय त्यालाच काही मिळत नाही. आणि जो इकडेतिकडे फिरलाय त्याला मिळते ती अशी: मुख्यपान, टायर, मुख्यपान, ब्रेक, टायर, ब्रेक. हे तर मागे जायचं बटण आधीच करतं, आणि जास्त चांगलं करतं.

सगळं पुसलं. माणूस कुठून आला हे ब्रेडक्रंबने सांगायचंच नाही, हे पान साईटमध्ये कुठे बसतं एवढंच सांगायचं, हे मी आता भिंतीवर लिहून ठेवलंय. त्या गोष्टीतले तुकडे तरी पक्षी खाऊन टाकतात.

९ ते १३ जून

खरं काम इथे सुरू झालं आणि त्यात कोड जवळजवळ नाही. पान कुठे बसतं हे दाखवायचं तर ते कुठे बसतं हे आधी आपल्याला माहीत पाहिजे, आणि ३८६ पानांपैकी बऱ्याच पानांचं आम्हालाच माहीत नव्हतं. प्रत्येक पानाच्या फाइलमध्ये वर एक ओळ वाढवायची ठरवली, "पॅरेंट", आणि तिच्यात वरच्या पानाचं नाव. पत्ता काहीही असो, वाट या ओळीवरून निघणार. याचा फायदा असा की एकही पत्ता बदलावा लागला नाही, बाहेरच्या जुन्या लिंका शाबूत राहिल्या.

ओळ भरायला पाच दिवस लागले. आधी स्प्रेडशीटमध्ये बसलो, पण दोघांनाही पूर्ण चित्र दिसेना, मग कागदाच्या चिठ्ठ्या केल्या आणि जमिनीवर मांडल्या. "इतर" नावाचा विभाग होता त्यात ५८ पानं निघाली. जे कुठे बसलं नाही ते सहा वर्षं "इतर"मध्ये गेलेलं. ब्रेडक्रंबमध्ये "मुख्यपान, इतर, हँडल सरळ करणे" असं वाचलं की लगेच खुपतं, मेनूमध्ये ते इतकी वर्षं खुपलं नव्हतं कारण मेनूत "इतर" सगळ्यात खाली असतं आणि तिथवर कोणी जात नाही.

सगळ्यात जास्त वाद झाला तो "चेन साफ करणे" या पानावरून. मी म्हणत होते ते "देखभाल"मध्ये, सहकारी म्हणत होता "चेन आणि गिअर"मध्ये. दोन्ही बरोबर. मी म्हटलं दोन पॅरेंट ठेवू, आणि तसा कोडही लिहिला. पण पान एकच, पत्ता एकच, मग वर कुठली वाट छापायची? दोन्ही छापून बघितल्या, एकाखाली एक, तर पान उघडल्यावर दोन ओळी लिंका आणि मग शीर्षक, आणि बघणारा आधी त्या दोन ओळींचा अर्थ लावत बसतो. सोडून दिलं. नियम असा केला की एका पानाला एकच पॅरेंट, आणि तो कुठला हे एका प्रश्नावरून ठरवायचं: हे पान वाचून झालेल्या माणसाला यानंतर बहुतेक काय लागेल? चेन साफ केलेल्या माणसाला चेनला तेल द्यायचं असतं, ती झिजलीय का बघायचं असतं, म्हणजे "चेन आणि गिअर". "देखभाल"च्या पानावर त्याची नुसती लिंक ठेवली. हा प्रश्न सापडल्यावर उरलेली दीडशे पानं एका दिवसात झाली, आधीचे चार दिवस तो सापडेपर्यंत गेले.

एक चूक: "टायर"चा पॅरेंट सहकाऱ्याने "ट्यूब" लिहिला आणि "ट्यूब"चा मी "टायर". कोड वर वर चढत गेला आणि गोल फिरत राहिला, बिल्ड, म्हणजे फाइलींवरून साईट तयार होणं, अडकलं, मला वाटलं मशीन स्लो झालंय म्हणून अर्धा तास वाट बघत बसले. आता चढताना आधी पाहिलेलं पान परत आलं तर बिल्ड थांबतं आणि दोन्ही पानांची नावं दाखवतं. पॅरेंट रिकामा असेल तरी थांबतं. ही तपासणी पहिल्याच दिवशी लिहायला हवी होती.

१६ जून

आज माझ्या मित्राला दाखवलं, तो स्क्रीन रीडर वापरतो, म्हणजे स्क्रीनवरचं मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. त्याच्या फोनवरून मी ऐकत होते: "मुख्यपान, लिंक, स्लॅश, ब्रेक, लिंक, स्लॅश, डिस्क ब्रेक, लिंक, स्लॅश." तो म्हणाला, "अगं, ते स्लॅश प्रत्येक पानावर तीनदा ऐकायचंय का मला?"

मी मधल्या रेघा मजकुरातच टाकल्या होत्या. त्या काढून सीएसएसच्या, म्हणजे पानाचं दिसणं ठरवणाऱ्या कोडच्या, बिफोरमध्ये कंटेंट म्हणून टाकल्या, मला वाटलं सीएसएसमधलं वाचलं जात नाही. जातं. परत तेच स्लॅश. शेवटी रिकाम्या चौकोनाला एका बाजूला बॉर्डर दिली आणि तो जरा तिरका फिरवला, त्यात अक्षर नाहीच त्यामुळे वाचण्यासारखं काही नाही. आधी उभी रेघही करून बघितली होती, पण देवनागरीत उभी रेघ शब्दाला चिकटली की काना वाटते आणि सुटी राहिली की पूर्णविरामाचा दंड. इंग्रजी साईटवर छान दिसते म्हणून उचलू नका.

बाकी रचना वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीच्या आरिया पॅटर्नप्रमाणे, म्हणजे स्क्रीन रीडरला समजेल अशी केली: बाहेर नॅव्ह टॅग, त्याला आरिया-लेबल म्हणजे रीडरने वाचायचं नाव, आत क्रमांकांची यादी म्हणजे ओएल, आकडे सीएसएसने लपवलेले. लेबल मी "ब्रेडक्रंब नेव्हिगेशन" दिलं होतं, तर त्याला ऐकू आलं "ब्रेडक्रंब नेव्हिगेशन, नेव्हिगेशन", कारण नॅव्ह टॅग असला की दुसरं नेव्हिगेशन रीडर स्वतःच जोडतो. नुसतं "ब्रेडक्रंब" ठेवलं. शेवटचा तुकडा म्हणजे आपण आहोत तेच पान, त्याची लिंक काढून साधा मजकूर केला, कारण लिंक ठेवली की लोक दाबतात आणि तेच पान परत लोड होतं. लिंक नसेल तर तिथे आरिया-करंट द्यायची सक्ती नाही, पण मी दिलं, मित्राला "चालू पान" असं ऐकू येणं बरं वाटलं.

आणि एक फार मोठी गोष्ट योगायोगाने सापडली. मधेच त्याचा रीडर आमचा मराठी मजकूर इंग्रजी आवाजात वाचायला लागायचा. कारण टेम्प्लेटमध्ये, म्हणजे सगळी पानं ज्या साच्यातून निघतात त्यात, पानाची भाषा अजून इंग्रजी लिहिलेली होती, थीम घेतली तेव्हापासून. एक शब्द बदलला, ३८६ पानं सुधारली. तो म्हणाला, "हे तर ब्रेडक्रंबपेक्षा मोठं काम झालं." मला वाईट वाटलं की इतकी वर्षं कोणी सांगितलं नाही, पण मी तरी कोणाला विचारलं होतं?

१८ जून

आज फक्त दिसण्याचं. थीममध्ये ब्रेडक्रंबला बारीक फॉन्ट, अक्षरांमध्ये जास्तीचं अंतर आणि ओळीची उंची अगदी कमी अशी स्टाईल आधीपासून होती. इंग्रजीत ती नाजूक दिसते. मराठीत अंतर दिलं की शिरोरेषा तुटते, "डिस्क ब्रेक" वाचताना प्रत्येक अक्षर सुटं लटकल्यासारखं. ओळीची उंची १.१ आणि वर ओव्हरफ्लो हिडन, म्हणजे चौकटीबाहेरचं लपवायचं, त्यामुळे "ट्यूब"चा खालचा ऊकार छाटला जात होता आणि "टीप"ची वेलांटी वरून घासलेली. अंतर शून्य, फॉन्ट १५ पिक्सेल, ओळीची उंची १.६. लिंकचा रंग फिका राखाडी होता, तोही गडद केला, मजकुराला ४.५ ला १ एवढा कॉन्ट्रास्ट लागतो आणि आमचा त्याच्या खाली होता. सगळं मिळून दोन तास.

२० ते २३ जून

मोबाइल. इथे चार दिवस गेले आणि तीन उपाय फेकले.

३२० पिक्सेल रुंदीवर पाच पातळ्यांची वाट तीन ओळी घेत होती, शीर्षक अर्ध्या स्क्रीनवर गेलं. पहिला उपाय, एका ओळीत ठेवून आडवं सरकवायचं. कोणाला कळतच नाही की ते सरकतं, आणि नेमका शेवटचा, सगळ्यात कामाचा तुकडा बाहेर राहतो.

दुसरा उपाय, नावं १२ चिन्हांवर कापायची आणि पुढे तीन टिंबं. टेस्टला "मुख्यपान" आणि "ब्रेक" घेतले होते, ते छान बसले. मग खरी पानं उघडली. "ट्यूबलेस टायर"चं झालं "ट्यूबलेस टाय…" आणि "चेन आणि स्प्रॉकेट"चं झालं "चेन आणि स्प्…", पाय मोडलेला प तसाच उघडा. च, एकार, न, जागा, आ, ण, इकार, जागा, स, हलंत, प, हलंत, झाली बारा. कॉम्प्युटरला ही बारा अक्षरं, आपल्याला ती पाचसुद्धा नाहीत. मग जावास्क्रिप्टचा इंटल सेगमेंटर वापरला, तो वाचणाऱ्याला जे एक अक्षर वाटतं तिथे तोडतो. पण जोडाक्षर मधे तोडायचं नाही हा देवनागरीसाठीचा नियम युनिकोड या अक्षरांच्या मानकात १५.१ या आवृत्तीत आला, म्हणजे २०२३ मध्ये, त्याच्या आधीच्या ब्राउझरवर परत तोच उघडा हलंत. माझ्या नव्या फोनवर नीट आणि सहकाऱ्याच्या जुन्या फोनवर तुटकं, यात एक अख्खी दुपार गेली.

तिसरा उपाय, मोबाइलवर फक्त वरचं एक पान दाखवायचं, डावीकडे बाण देऊन. बरेच जण असं करतात. सहकाऱ्याने सर्च करून पान उघडलं, बाण दाबला आणि म्हणाला, "मला सर्चवर परत जायचं होतं, हे कुठे आणलं?" बाण बघितला की हात मागे जायला म्हणूनच दाबतो. काढला.

शेवटी जे चाललं ते कोडमधलं नव्हतं. प्रत्येक पानाला शीर्षकाशिवाय एक छोटं नाव दिलं. शीर्षक "हायड्रॉलिक डिस्क ब्रेकमधली हवा कशी काढायची", छोटं नाव "हवा काढणे". वाटेत आधीच ब्रेक आणि डिस्क ब्रेक आहे, मग ते शब्द परत कशाला? २४० पानांना छोटी नावं लागली, सहकाऱ्याने दीड दिवसात दिली. कापणं पूर्ण बंद, मावलं नाही तर सरळ दुसऱ्या ओळीवर जाऊ दे. छोट्या स्क्रीनवर शेवटचा तुकडा लपवला, कारण त्याच्या लगेच खाली तेच शीर्षक आहे. सगळ्यात लांब वाट आता दोन ओळींत बसते.

बोटासाठी जागा राहिली होती. ऑक्टोबर २०२३ ला आलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ मध्ये, म्हणजे साईट सगळ्यांना वापरता यावी यासाठीच्या नियमावलीत, कमीत कमी २४ बाय २४ पिक्सेल म्हटलंय, मी पॅडिंग देऊन उंची ४० केली, कारण सायकल दुरुस्त करताना माणूस ग्रीसच्या हाताने फोन दाबतो.

२४ जून

सर्चसाठीचा डेटा, म्हणजे हीच वाट सर्च इंजिनला कळेल अशी लिहून देणं, स्कीमा या पद्धतीची ब्रेडक्रंब लिस्ट. यात फार काही नाही, दोन चुका केल्या त्या लिहिते. पोझिशन, म्हणजे तुकड्याचा क्रमांक, १ पासून मोजायची, मी सवयीने ० पासून मोजली. आणि मुख्यपानावरही यादी जात होती, एकाच तुकड्याची, गूगलला किमान दोन लागतात, म्हणून मुख्यपानावरून काढली. टेम्प्लेटमध्ये डेटा-व्होकॅब्युलरी या असाच डेटा लिहायच्या जुन्या पद्धतीचा कोडही पडून होता, गूगलने त्याचा सपोर्ट २०२१ मध्येच बंद केला, तोही उडवला. हे करून सर्चमध्ये फार फरक पडेल असं धरून चालू नका, जानेवारी २०२५ पासून गूगल मोबाइलच्या निकालांत ब्रेडक्रंब दाखवत नाही, डेस्कटॉपवर दाखवतं. आमचे बहुतेक लोक मोबाइलवर आहेत. तीन तास.

२७ जून ते २ जुलै

पाच जणांना बसवून वापरायला दिलं. काम एकच: हे पान सर्चमधून उघडलंय असं समजा, आता याच विषयावरचं दुसरं काही शोधा. मी शेजारी बसून काही न बोलता बघत होते, आणि न बोलणं फार अवघड जातं.

पहिलीने ब्रेडक्रंब बघितलाच नाही. तो मोठ्या फोटोच्या खाली होता, ती फोटोपासून थेट मजकुरावर गेली. त्याच रात्री तो फोटोच्या वर, शीर्षकाच्या लगेच आधी नेला. बाकी चौघांना दिसला.

दुसऱ्याने मात्र जे केलं ते मी विसरणार नाही. त्याने "डिस्क ब्रेक" अगदी बरोबर दाबलं. जे पान उघडलं त्यावर १४ लिंका, अकारविल्हे, एक शब्दही जास्त नाही. त्याने वरून खाली बघितलं, परत वरून खाली बघितलं, आणि टॅब बंद केला. मला म्हणाला, "यातलं मला कुठलं हवंय ते कसं कळणार?" त्याला आम्ही दारापर्यंत आणलं आणि आत खोलीच नव्हती.

विभागांची अशी २४ पानं होती. इतकी वर्षं कोणी तिथे जात नसल्यामुळे कोणी लिहिलीच नव्हती, आता ब्रेडक्रंब माणसांना नेमका तिथेच पाठवणार. सगळं थांबवून सहा दिवस तेवढंच केलं. प्रत्येक विभागाच्या पानावर वरती काय बिघडलंय त्यावरून लिंका: ब्रेक लागत नाही, ब्रेक आवाज करतो, लिव्हर हँडलपर्यंत येते. त्याच्या खाली पूर्ण यादी. दुसऱ्या फेरीत त्याच माणसाला परत दिलं, त्याने आवाजाचं पान उघडलं आणि वाचायला लागला. टेस्ट चाललीय हे विसरूनच गेला, मी पण आठवण करून दिली नाही.

४ जुलै

लाइव्ह केलं. लगेच एक तक्रार, मुख्यपानासाठी मी घराचं चित्र ठेवलं होतं आणि चित्राला नाव द्यायचं राहिलं, मित्राचा निरोप आला, "पहिली लिंक नुसती लिंक म्हणतेय." चित्र काढून "मुख्यपान" असं सरळ लिहिलं. चार अक्षरं वाचवायला गेले होते.

पैसे काही लागले नाहीत, तास लागले. दोघांचे मिळून कोडचे साधारण ४०, त्यातले निम्मे फेकलेल्या कामाचे, आणि पॅरेंट, छोटी नावं, विभागांची पानं यांचे ११० च्या वर. सुरू करताना मी सहकाऱ्याला दोन दिवस सांगितले होते. तुम्ही कोणाला सांगताना आधी तुमच्या विभागांची पानं उघडून बघा, मग आकडा सांगा.

१२ जुलै

सहकाऱ्याने नवीन पान लिहिलं, ई-सायकलची बॅटरी काढून ठेवणे. पॅरेंट रिकामा, बिल्ड थांबलं. त्याने फोन केला, "इतरमध्ये टाकू का सध्या?" मी म्हटलं इतर आता नाहीये. वीस मिनिटं बोललो. बॅटरी काढून ठेवणाऱ्याला पुढे काय लागेल? सायकल बरेच दिवस उभी ठेवायची असेल, मग टायरमधली हवा, चेनचं तेल, हे सगळं "देखभाल"मध्ये "सायकल उभी ठेवताना" या पानाखाली आधीच आहे. तिथे टाकलं, छोटं नाव "बॅटरी काढणे", बिल्ड झालं.